सातवं कलम

"सातवं कलम वगळा," गिरीधरने नियमांच्या मसुद्याचा कागद संयोगितापुढे सरकवला. "बाकी सगळं मान्य."

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या त्या खोलीत रविवारी सकाळी अकरा स्वयंसेवक जमले होते. कन्नड आणि मराठी टाइप करायचं त्यांचं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळे, त्यात बदलही कुणीही सुचवावा. मात्र कुठला बदल घ्यायचा, याचा शेवटचा शब्द वीस वर्षं गिरीधरचा होता. सुरुवात त्यानेच केली होती. सातव्या कलमाने तो अधिकार पाच जणांच्या समितीकडे जाणार होता, आणि नकार दिला तर कारणही लेखी द्यावं लागणार होतं.

"सर, त्याच कलमासाठी तर सगळे आलेत," संयोगिता म्हणाली. पुण्याहून येऊन तिला तीन वर्षं झाली होती. मसुदा तिनेच लिहिला होता.

"स्वल्प ऐक, अम्मा. कोरमंगलात मी आणि रघुनंदन एका खोलीत राहायचो. कॉम्प्युटर एकच. तो जेवायला उठला की मी बसायचो. त्याचं मी खोडायचो, माझं तो. सीड्या भरून शाळाशाळांत वाटल्या. समिती नाही, कलम नाही. केवढं स्वातंत्र्य होतं!"

बोलता बोलता त्याला हसू फुटलं होतं.

"मग रघुनंदन का सोडून गेले?"

"नोकरी लागली. सगळेच जातात."

संयोगिता क्षणभर घुटमळली. मग इतरांना दिसणार नाही अशा बेताने तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"मसुद्यासाठी मी आपल्या गटाचे जुने ईमेल वाचले, सर."

रघुनंदनने चार महिने खपून जोडाक्षरांचा भाग नव्याने लिहून पाठवला होता. खाली गिरीधरचं एका ओळीचं उत्तर होतं: हे घेता येणार नाही. त्याखाली रघुनंदनची तीन पत्रं, आठ-आठ दिवसांच्या अंतराने. तिन्हींत एकच प्रश्न, का? पुढे काही नव्हतं.

गिरीधरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"तीनदा विचारलं होतं त्याने?"

तो उठून गॅलरीत गेला. नंबर फोनमध्ये होता. रघुनंदन शहरातच के. आर. पुरमला राहतो, हेही त्याला ठाऊक होतं.

"रघू, मी गिरी."

"गिरी? काय रे, सगळं ठीक ना?"

"तुझं जोडाक्षरांचं काम मी नाकारलं होतं. तू कारण विचारलं होतंस."

"एकोणीस वर्षं झाली त्याला."

"हो."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सरी, ठीक आहे. सांग मग."

गिरीधर कठड्यावरची धूळ बोटाने गोळा करत राहिला.

"माझ्यापेक्षा चांगलं होतं ते."

रघुनंदनने फोन ठेवला नाही.

दारात संयोगिता येऊन उभी राहिली. "सर, मतदान सुरू करू? सातवं कलम कुणाकुणाला मान्य?"

फोन तसाच कानाशी धरून गिरीधरने दुसरा हात वर केला.