फाटकावरच्या फळ्या

सुताराच्या बायकोला कोर्टाकडून एकच गोष्ट हवी होती. न्यायाधीशांनी सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणावं, की फाटक नीट राखणं हे रेल्वेचं काम होतं आणि रेल्वेनं ते केलं नाही. बस, एवढंच. भरपाईचं काय ते वकीलबाईंनी अर्जात लिहिलं होतं, लिहावंच लागतं म्हणे. हिला त्यात काडीचा रस नव्हता. हिला नवरा परत हवा होता. तसा तो घरातच होता, समोर बसून दोन घास खात होता. पण लेक गेल्यापासून त्यानं रंध्याला हात लावला नव्हता. आणि सुतारानं रंधाच सोडला, तर मागे उरतं काय हो?

लेक म्हणजे चिमणी. खरं नाव वेगळं होतं, पण जन्मली तेव्हा मुठीएवढी, आणि एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून चिमणी. रुळांपलीकडच्या छापखान्यात पुस्तकं शिवायच्या कामाला लागली होती. सायकलवरून जायची, सायकलवरून यायची, दोन्ही वेळा फाटकातून. दुसरा रस्ताच कुठे होता? पायी जायचा पूल होता, तोही रेल्वेचाच. पण त्याच्या पायऱ्या गंजून खाली पडायला लागल्या, तेव्हा रेल्वेनं काय करावं? दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून तो बंद केला. झाली दुरुस्ती! मग फाटकावरचा माणूस काढला आणि त्याच्या जागी आपोआप वाजणारी घंटा बसवली. घंटा वाजते बिचारी इमानानं, पण ती काही वाकून फळ्या बघत नाही.

आणि सगळा घोळ त्या फळ्यांचाच. फाटकात दोन रुळांच्या मधे जाड फळ्या बसवतात, त्यांच्यावरून माणसं आणि गाड्या जातात. फळी आणि रूळ यांच्यात गाडीच्या चाकासाठी फट सोडावी लागते, ती मात्र अरुंद हवी. इथल्या फळ्या सडून गेल्या होत्या. लोकांनी तक्रार केली. रेल्वे म्हणाली, रस्ता नगरपालिकेचा. नगरपालिका म्हणाली, रूळ रेल्वेचे. अशी टोलवाटोलवी चालू राहिली आणि म्हातारीकोतारी माणसं ठेचकाळत राहिली. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सुतारानं हत्यारांची पेटी उचलली, दुकानातलं जुनं जाड लाकूड हातगाडीवर घातलं आणि नव्या फळ्या ठोकून आला.

“अहो, ही नसती उठाठेव कशाला?” बायको म्हणाली होती. “ज्याचं काम त्याला करू दे की.”

“अगं, त्यांची वाट बघत बसलो तर कुणाचा तरी पाय मोडेल.”

तेव्हापासून फाटकाच्या फळ्या म्हणजे सुताराच्या फळ्या. एखादी हलायला लागली की लोक रेल्वेला नाही, याला सांगायचे. आणि हा शहाणा हातातलं काम टाकून जायचाही! कधी कुणाकडे खिळ्यांचे पैसे मागितले नाहीत. रेल्वेचे साहेबलोक ट्रॉलीवरून त्याच फळ्यांवरून जायचे. लाकूड कुणी बसवलं, हे एकानंही कधी विचारलं नाही.

थंडीतल्या एका सकाळी चिमणीच्या सायकलचं पुढचं चाक फळी आणि रुळाच्या मधल्या फटीत गेलं आणि रुतून बसलं. घंटा वाजत होती. कोपऱ्यावरचा चहावाला जीव तोडून ओरडला, “सोड ती सायकल, पोरी, सोड!” तिनं सोडली नाही. पहिल्या पगारातून घेतलेली होती. तिनं ओढली, आणि पुन्हा एकदा ओढली. गाडीनं ब्रेक लावला होता म्हणतात, पण गाडी ती, जागच्या जागी थोडीच थांबते.

त्या दिवसाबद्दल सुताराची बायको कुणाशी बोलत नाही. आपणही बोलू नये.

वकीलबाईंच्या ऑफिसातलं टेबल सुतारानंच केलेलं. त्या टेबलावर हात ठेवून वकीलबाई म्हणाल्या, “हे बघा, कायदा सरळ आहे. रुळांमधला रस्ता आणि दोन्ही बाजूंचा हातभर रस्ता चांगला ठेवायची जबाबदारी रेल्वेची. त्यांना कुणी आठवण करून द्यायची नाही, कुणी हातापाया पडायचं नाही. त्यांची म्हणजे त्यांची.”

“ऐकलंत ना?” बायको नवऱ्याला म्हणाली. “त्यांची. तुमची नाही.”

सुतार अंगठ्यानं टेबलाचा काठ चोळत बसला होता.

कोर्टात रेल्वेचा वकील उभा राहिला, तो काही राक्षस नव्हता. सर्दी झालेला, सारखा रुमाल शोधणारा, गोड बोलणारा माणूस. म्हणूनच जास्त राग आला हिला. त्यानं शिपायाकडून एक फळी आणवली आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुढे ठेवली. फाटकातलीच होती. पिंजऱ्यात सुतार उभा होता.

“ही फळी कुणी बसवली, सांगू शकाल?”

तो बोलायच्या आधीच त्याचा हात फळीवर गेला. अंगठा काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. काम संपलं की तो असाच अंगठा फिरवायचा. किती खुर्च्या, किती पाळणे त्या अंगठ्याखालून घराबाहेर पडले होते!

“मी,” सुतार म्हणाला.

“काठ गोल केलेले आहेत. आमच्या फळ्यांचे काठ सरळ असतात. गोल केल्यामुळे वरच्या अंगाला फट रुंद झाली, आणि सायकलचं चाक त्याच फटीत उतरलं. बरोबर आहे?”

वकीलबाई ताडकन उठल्या, हरकत घेतली. पण सुतार कशाचा थांबतोय.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “टेबलाचा काठ आम्ही गोल करतो साहेब. माणसाला लागू नये म्हणून. मला फर्निचरचं काम येतं. रुळांचं येत नाही.”

रेल्वेच्या वकिलानं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, “काठ गोल करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?”

सुतारानं न्यायाधीशांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. बायको बसली होती त्या बाजूला तेवढं पाहिलं नाही.

“कुणी नाही. हाताची सवय.”

आणि तेव्हा तिला आठवलं.

फळ्या नुकत्याच बसवल्या होत्या तेव्हाची गोष्ट. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ही फाटकातून येत होती, आणि फळीच्या काठावर पायाचा अंगठा असा ठेचला की नख उलटलं. घरी आली ती उंबऱ्यातूनच कडाडली, “साऱ्या गावाच्या टेबलांचे कोपरे गोल करता, आणि बायकोच्या पायाखालची फळी तेवढी कुऱ्हाडीसारखी ठेवता!” तो हसला होता. आधी तिच्या बोटाला पट्टी बांधली, मग रंधा आणि कानस घेऊन फाटकावर गेला. छोटी चिमणी पण गेली होती बरोबर, ढलप्या गोळा करायला. दोघं परत आली तेव्हा दोघांच्या केसांत ढलप्या होत्या. त्यानंतर त्यानं फाटकात जी फळी बसवली ती काठ गोल करूनच.

ही विसरून गेली होती. साफ! बोट बरं झालं, गोष्ट संपली. आता ती जागची उठायला लागली, तसं वकीलबाईंनी तिचं मनगट धरलं. “बसा. आता एक शब्द बोलू नका.” ती बसली. आपण का बसलो, हे तिनं स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी तिला हवं होतं ते सगळं म्हटलं, अगदी खणखणीत. दुसऱ्या कुणी दयेपोटी हात लावला म्हणून ज्याचं कर्तव्य आहे त्याची सुटका होत नाही. रेल्वेनं आपलं काम केलं असतं तर या माणसावर ते करायची वेळच आली नसती. फाटक रेल्वेचं, पूल रेल्वेचा, चूकही रेल्वेचीच. चहावाला हुंदके देऊन रडला. सुताराच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक माप सांगतं तेव्हा हलवतो तशी त्यानं मान हलवली. एवढं ऐकण्यासाठी ती इतके दिवस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती, आणि आता तिला काहीच हलकं वाटेना.

घरी जायचं तर फाटकातूनच. तिथे ही धांदल! निकालाची कुणकुण लागल्याबरोबर रेल्वेला बरी जाग आली होती. पुलाचे पत्रे निघाले होते, पायऱ्या नव्या होत होत्या. रुळांच्या मधे सिमेंटचे मोठे ठोकळे बसलेसुद्धा होते. उपटलेल्या फळ्यांचा ढीग कडेला पडला होता. मुकादमाला हे कोण, काय माहीत. तो मोकळेपणानं म्हणाला, “न्यायच्या तर न्या दादा. लाकूड झकास आहे.”

“नको,” सुतार म्हणाला.

तो रुळापाशी उकिडवा बसला. ठोकळा आणि रूळ यांच्या फटीत त्यानं बोट घालून पाहिलं. जेमतेम मावलं.

“काठ सरळ ठेवलेत,” तो म्हणाला. “सरळच हवेत.”

ती त्याच्या शेजारी बसली, तिथेच, धुळीत.

“अहो, मला आठवलं.”

काय आठवलं, असं त्यानं विचारलं नाही. “विसर,” तो म्हणाला. “बोट ठेचलं होतं तुझं. मग तू बोलणार नाहीस तर काय?”

“तुम्हाला ठाऊक होतं? पहिल्या दिवसापासून?”

त्यानं बोटाला लागलेली सिमेंटची पूड पुसली.

“रंधा चालवला असता तर घरात ढलप्या पडल्या असत्या,” तो म्हणाला. “त्या बघून तुला आठवलं असतं.”

मग मात्र तिला आवरेना. लेक गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं आता आलं. मुकादम गोंधळून बाजूला झाला. घंटा वाजायला लागली, तसं सुतारानं तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि रुळांपासून लांब नेलं. गाडी गेली. धूळ बसली. माणसं, सायकली नव्या ठोकळ्यांवरून सरळ पलीकडे जायला लागल्या.

ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, “उद्या दुकान उघडा. आता माझ्यापासून लपवायला काही उरलं नाही.”