भोपळीचं वासरू

सकाळी उठलो तर बुलामाच्या घराला मागची भिंत नव्हती. भोपळीनं खाल्ली होती.

लव्हाळ्याची भिंत ती. वाळलेली, वरनं चुलीचा धूर पिऊन कडूजहर झालेली. पण गाय उपाशी असली की तिला कडू काय आन् गोड काय. बुलामा म्हणजे आमच्या बेटाचा म्होरक्या. तो आत अंगावरचं फडकं सावरत उभा, आणि बाहेर भोपळी त्याच्याकडं बघत निवांत रवंथ करतीय. मी म्हणलं, "बुलामा, भेटायला आलो तर आता ठोठावू कुठं? घराला का हिच्या पोटाला?" त्यानं वाडगं फेकून मारलं. मी चुकवलं. बाकी कुणी हसलं नाही. हसायला बी पोटात कायतरी लागतं.

बेटाची गतच तशी झालेली. तळ्यात पाणी चढलं आणि चराईचं सखल रान बुडालं. उरला निव्वळ वाळूचा उंचवटा. त्यावर आम्ही, आमची गुरं, कोंबड्या आणि दिवसभराची भांडणं. पाणी कितीबी असू द्या, आम्ही तळ्याची माणसं, आमची गुरंबी तळ्याची. एका बेटावरचं गवत सरलं की पोहत दुसऱ्या बेटावर जायचं, बापजाद्यांपासनं हेच. पण औंदा वाऱ्यानं घात केला. तळ्यावर लव्हाळ्याची रानंच्या रानं तरंगत असतात. वारं एकाच अंगानं वाहत राहिलं आणि ती सगळी ढकलत आणून त्यानं आमच्याभोवती कडं घातलं. लांबनं बघाल तर हिरवंगार. गाईनं पाय टाकला की मानेपर्यंत आत, आणि खालनं मुळांचं जाळं पाय धरतंय. होडी घातली तर ती ढकलायचा बांबू रुतून बसायचा. चहूकडनं हिरवं आणि मधी आम्ही, घागरीत पडलेल्या उंदरागत.

दूध आटलं. आम्ही सुकी मासळी आणि शेवाळाच्या वड्या चावत होतो, गुरं आमची घरं चावत होती. रात्री वासरं हंबरायची तेव्हा बायका कानावर हात घेऊन पडायच्या.

त्या दिवशी सकाळी वारं फिरलं. उगवतीच्या अंगाला लव्हाळं फाटलं आणि मधनं उघड्या पाण्याचा पट्टा दिसला. पल्याड मोठं बेट, कमरेइतकं गवत. म्हातारा म्बामी चटईवर पडल्या पडल्या ओलं बोट वर धरून म्हणाला, सांज झाली की वारं पुन्हा फिरणार आणि दार मिटणार. काय करायचं ते आजच.

आता हा म्बामी आमचा म्होरं पोहणारा. गुरांचं असं असतं, ती पाण्यात आपलीआपण शिरत नाहीत. पुढं एक माणूस लागतो. तो हाळी घालत पोहणार, त्याचं डोकं बघत म्होरकी गाय येणार, तिच्यामागं कळप. होडीमागं आमची गुरं जात नाहीत. मागं एकदा गुरं पळवणारे लुटारू आले ते होडीतनंच, ते गुरांच्या ध्यानात हाय. आणि म्होरला पोहणारा बुडाला किंवा माघारी फिरला, तर गुरं पाण्यातच गोल गोल फिरायला लागतात, आणि वासरं मधी चेंगरून तळाला जातात.

म्बामीचा तर पाय मोडलेला. मासे धरायच्या पिंजऱ्यात अडकून पडला होता. सगळी वाळूवर जमली, आता पुढं कोण?

माझं नाव निघालं आणि तसंच बुडालं. पोहायला मी पाणसापागत, पण गुरं माझ्यामागं येत नाहीत. जन्मभर मी त्यांच्या शेपट्या पिळल्यात, कानात शिट्ट्या घातल्यात. भोपळी तर मला बघितलं की शिंगं वळवती, आणि तिची शिंगं म्हणजे दोन फुगलेले दुधीभोपळे. म्हणून तर तिचं नाव भोपळी. तीच कळपाची म्होरकी.

म्बामी कोपरावर उठला आणि म्हणाला, "कचल्ला जाईल."

कचल्ला म्हणजे माझा दाजी, धाकट्या बहिणीचा, यागानाचा नवरा. माणूस मनानं लोण्यागत, भोपळी त्याचं डोकं चाटती, त्याच्याबिगर दूध देत नाही. पण जीभ म्हणजे सुटलेलं वासरू. "जुनं बेट बुडालं तेव्हा मी एकटा रात्रभर पोहत आलो, वाटेत मगर आडवी आली, तिच्या पाठीवर बसून दम खाल्ला," ही त्याची गोष्ट ऐकून आमची एक पिढी म्हातारी झाली. तोंडानं पोहणाऱ्याला तळं कधी खोल नसतंय.

आणि मला ठाऊक होतं, कचल्लाला पोहायला येत नाही.

हसू नका. हे फक्त आमच्याकडंच होऊ शकतं. पोरगं रांगायला लागलं की त्याच्या हातात गाईची शेपटी येती. गाय पाण्यात, शेपटीमागं पोरगं. बाकीची पोरं कधीतरी शेपटी सोडतात. कचल्लानं सोडलीच नाही. चाळीशी आली तरी एका हातात शेपटी, दुसऱ्या हातानं पाण्यावर थापा. लोकांना वाटायचं, गुरांवर किती जीव आहे ह्याचा. यागानानं लग्नाच्या सालीच हे मला सांगितलं होतं, आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घातली होती.

आता मी गप बसावं का नाही? पण खाज. म्हणलं, "व्हय व्हय, दाजीच. मगरीबी वाट देत्यात त्यांना."

सगळे उठले. बायका चटया गुंडाळायला लागल्या. कचल्ला तसाच बसून राहिला, हातातली वाळू सोडत. त्याचं तोंड बघितलं आणि माझी खाज तिथंच मिटली.

घरामागं यागानानं आम्हा दोघांना गाठलं. भोपळीचं नुकतं व्यालेलं वासरू तिच्या मागनं लुडबुडत आलं.

"दादा, तुला गंमत वाटती. ह्ये पाण्यात गेले की बुडणार, आन् ह्येंच्यासंगं समदा कळप."

"मग सांगून टाकू बुलामाला?"

"सांग की," कचल्ला म्हणाला. "मग उद्यापासनं माझ्या पोरांच्या ताटात कोन हात घालंल? कोन पोरगी दील?" मग हळूच म्हणाला, "आन् सांगून तरी काय? दुसरं हाय कोन?"

ते खरं होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सांगितलं तर लाज आणि गुरं इथंच मरणार. न सांगावं तर हा मरणार. मी पळायची वाट शोधण्यात जन्म घालवलाय, पण त्या वाळूवर मला एक वाट दिसंना.

यागाना वासराकडं बघत राहिली होती. म्हणाली, "ह्याला जन्मून हप्ता झाला न्हाई. काल पान्यात पडलं, तर बदकावानी पवत भाईर आलं. कुनी शिकीवलं ह्याला?"

कचल्लानं वासराकडं बघितलं. मी कचल्लाकडं बघितलं.

"दाजी," मी म्हणलं, "गाय माणसामागं जाती. पर वासरामागं तर ती इस्तवातबी जाईल."

उन्हं डोक्यावर यायच्या आत कळप काठाला आणला. कचल्ला वासराच्या गळ्यात हात घालून पाण्यात शिरला, आणि काठावर एकच कौतुक. बघा म्हणे, नुसता पोहत नाही, तान्ह्या वासराला बी घेऊन चाललाय. वासरू त्याला घेऊन चाललं होतं, हे यागानाला आणि मला ठाऊक. वासरानं हंबरडा फोडला, तशी भोपळी मागंपुढं न बघता पाण्यात पडली, तिच्यामागं सगळी. पाण्यावर नुसती शिंगं, जणू भोपळ्याचा मळाच वाहून निघाला. मी कळपाच्या कडंनं पोहत होतो, डोळा सगळा पुढं.

निम्मं पाणी सरलं आणि वासरू दमलं. तान्हा जीव तो, आणि गळ्यात हा एवढा बाप्या. त्याचं नाक पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. हंबरणं थांबलं. भोपळीनं मान वळवली, डावीकडं वळली, आणि मागचा कळप तिच्यामागं वळायला लागला. गोल फिरायची हीच सुरुवात असती. मी जीव खाऊन हात मारले, पण मधी गुरंच गुरं.

कचल्लानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्यानं हात सोडला.

आख्ख्या जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं हातातलं जनावर सोडलं. वासरू हलकं झालं, फुरफुरलं, आणि नाक वर काढून असं ओरडलं की पल्याडची बगळी उडाली. कचल्ला खाली गेला. वर नुसते बुडबुडे. मी बुडी मारणार, तवर भोपळी वासराच्या ओढीनं सरळ त्या बुडबुड्यांवरनं आली, आणि पाण्यातनं एक हात निघाला, त्यानं तिचं शिंग धरलं. मग डोकं निघालं, लव्हाळ्याच्या मुळ्या गुंडाळलेलं, डोळे तांबडेलाल. तिच्या शिंगाला लोंबकळत तो पल्याडच्या गवतात जाऊन पडला. मागनं कळप. एक वासरू कमी झालं नाही.

काठावरच्यांनी आणि होडीतल्यांनी काय बघितलं, ते मला मागनं कळलं. कचल्लानं मधल्या पाण्यात वासराला पोहायला सोडलं, आणि भोपळी वळली तशी बुडी मारून पाण्याखालनं गेला आणि शिंग धरून तिला वाटेवर आणली. म्बामीनं होडीतनं येताना हे आपल्या डोळ्यांनी बघितलं, असं तो अजून शपथेवर सांगतो.

सांजेला वारं फिरलं आणि मागचं लव्हाळं मिटलं. गुरं पोटं फुगेस्तवर चरली. म्बामीनं कचल्लाला जवळ बोलावलं, दंडावरचा चामड्याचा ताईत सोडला आणि त्याच्या दंडाला बांधला. म्होरं पोहणाऱ्याचा ताईत तो. म्हणाला, माझं पोहणं झालं, आता तू जिता हाईस तवर हे तुझं.

"न्हाई म्बामी, तुमीच..." कचल्ला म्हणायला लागला. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस. बायकांनी आनंदानं लकेरी घेतल्या. त्यांच्या डोक्यांवरनं त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बेटाच्या कडंला बघितलं. हिथंबी चहूकडनं पाणीच होतं.

मगरीची गोष्ट त्यानं त्यानंतर एकदाबी सांगितली नाही. आता लोकच सांगतात, आणि मगर दर खेपेला वाढती.

सकाळी लव्हाळ्याआड कमरेइतक्या पाण्यात एक बाप्या हातपाय झाडत असतो. मी काठावर बसून हाक देतो, "दाजी, पाय मारा, पाय. लाथा यागानाला मारताय का पाण्याला?" तो शिव्या देतो, पाणी पितो, पुन्हा उठतो. भोपळीचं वासरू आपणहून पाण्यात उतरतं आणि त्याच्याभोवती चक्कर मारून येतं, न शिकवता. मी कुणाला बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, पण तुमचं गाव तर पार वाळवंटापल्याड.

आलो तेव्हा ह्या बेटावर गवत कमरेइतकं होतं. आता गुडघ्याला लागतंय. कचल्ला रोज आधी जाऊन ते बघतो, आणि मग पाण्यात उतरतो.