सोन्याचा किडा

"बाई, पयले हात पुसा," असं म्हणून धनराजरावांनी खिशातलं पिवळं फडकं कमळाबाईंसमोर धरलं. ज्या बाईच्या अंगणात आम्ही न बोलावता येऊन बसलो होतो, जिनं बाज टाकून दिली, काळा चहा दिला, तिलाच हात पुसायला सांगणारा हा माणूस माझा नवरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कमळाबाईंनी मात्र निमूटपणे हात पुसले आणि यांनी उघडलेल्या डब्यात वाकून पाहिलं.

मखमलीवर सोन्याच्या अळ्या ओळीनं बसल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या. कुणाचे डोळे लाल, कुणाचे जांभळे.

"माय वं! हे त आमचेच किडे," त्या म्हणाल्या.

खरं तर ते विलायतेचे. दुसऱ्या महायुद्धात ज्या वैमानिकाचा जीव पॅराशूटमुळे वाचला, त्याला पॅराशूट बनवणारी कंपनी ही एवढीशी पिन द्यायची. तेव्हाचं पॅराशूट रेशमाचं, म्हणून पिनेवर रेशमाची अळी. पाठीवर त्या माणसाचं नाव कोरलेलं. धनराजराव भद्रावतीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात पेट्या भरायच्या खात्यात होते. नोकरीभर पेट्या भरल्या, निवृत्त झाले, आणि लोक तीर्थयात्रेला निघतात त्या वयात हे या अळ्यांच्या लिलावांमागे लागले. माझ्या पाटल्या राहून गेल्या, पण अळ्यांना मखमल आली. मी चिडले की म्हणायचे, "रीना, म्या भरलेल्या पेट्यायनं कोन कुठी मेलं, मले मालूम नाई. हे लोक वाचले. यायची नावं हायेत." मी आपली भांडी आपटत आत जायची.

मग एक दिवस लच्छू नावाच्या कोशाच्या व्यापाऱ्यानं यांच्या कानात फुंकलं, की सावली गावाच्या पुढं, वैनगंगेच्या अंगाला, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या एका गावात कमळाबाईंकडे सोन्याचा किडा आहे. ही मंडळी पिढ्यानपिढ्या ऐनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे रानरेशमाचे, किडे पाळतात. किडे झाडावर असेपर्यंत घरात मासळी शिजत नाही, आणि तेही ढिवरांच्या घरात! अशा घरात सोन्याचा किडा असेल तर देवाचा टाक असेल, मी म्हटलं. पण यांची झोप उडाली होती. सकाळी मलाही गाडीत कोंबलं.

"तुमच्या घरी सोन्याचा किडा आला कसा?" धनराजरावांनी विचारलं.

"माहा सासरा, सुकलू. लढाईच्या टायमाले इमान पडलं ना जंगलात. एक गोरा सायेब ऐनाले लटकून होता, कपड्याच्या छत्रीत गुतून. लोक पयाले. सासरा म्हने, आपला कोसा बी असाच लटकते फांदीले, भ्याचं का हाये? चढला अन् उतरवलं त्याले. एक साल झालं असन, थो सायेब जीपनं आला. छातीवरचा किडा काढला अन् सासऱ्याच्या हातात देल्ला. एकामेकाची बोली कोनाले येत नव्हती. पन किडा पायला अन् सासऱ्याले समदं समजलं."

धनराजरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाकीच्या अळ्या लिलावातल्या, हातोहात फिरलेल्या. ही एकच अशी, जी वाचलेल्यानं वाचवणाऱ्याला दिलेली. ती मिळाली नाही तर हा माणूस जेवणार नाही, हे मला दिसत होतं.

"दाखवा ना बाई. तुमी म्हनान थे देतो."

"त्याले उगीच नसते काढत, भाऊ. काम पडलं तवाच काढा लागते."

कसलं काम, हे विचारायच्या आत शेजारच्या बायनाबाई अंगणात आल्या. डोक्यावर पदर नव्हता, पाय मातीनं भरलेले. त्यांचा नवरा चैतू पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला, असं कमळाबाई मघाशीच सांगत होत्या.

"चाल बाई," त्या म्हणाल्या. "घरघर लागली त्याले."

कमळाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात वरचा भाग टोपणासारखा कापलेला पोकळ कोसा होता आणि दुसऱ्या हातात पत्रा कापायची कात्री. धनराजराव बाजेवरून उठून उभे राहिले. कमळाबाईंनी कोसा तळहातावर उपडा केला.

तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी पडलं. पिवळं, आणि त्यात एक लाल डोळा.

"बाकीचा कुठी हाये?" यांनी विचारलं.

"गेला."

"चोरीले?"

"नाई जी. लोकायसंगं गेला. ज्याच्या घरी सोनं नाई, त्याच्या तोंडात जाताना कन ठेवतो आमी. सासऱ्यानं पयला कन कापला थो त्याच्या मायसाठी. मंग समद्या गावासाठी. सासरा म्हने, या किड्यानं सायेबाले वरून खाली सुखानं उतरवलं, मंग खालून वर बी सुखानंच नेईन."

मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि सोनं ठेवायची रीत आमच्याकडेही आहे. पण अख्खं गाव एका किड्याच्या आधारानं वर गेलं होतं.

"तुमी कापला?" धनराजराव जवळजवळ ओरडले. "अहो, त्याच्यावर नाव होतं! त्या मानसाचं नाव होतं!"

"असन ना. आमाले कुठी वाचता येते. पन त्याच्या भरवशावर लय जन गेले, भाऊ."

यांनी बोटातली अंगठी ओढायला सुरुवात केली. निघेना, तर थुंकी लावून काढली. "हे घ्या. हे कापा. थो डोया राहू द्या."

कमळाबाईंनी अंगठीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "हे सोनं हाये, मी नाई कुठी म्हनतो. पन यानं कोनाले वाचवलं का?"

बायनाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे बाई. थो तुकडा तू तुह्यासाठी ठेवला होता. तुयशीचं पान हाये माह्याजवळ."

"गप. चैतू पयले निंगाला ना." कमळाबाईंनी दाणा चिमटीत धरला. "याचे दोन होत नाई, डोया निंगून जाईन. आख्खाच देतो."

म्हणजे ही बाई स्वतःचं मरण शेजाऱ्याला देऊन टाकत होती आणि माझा नवरा तिला पिनेचा हिशेब विचारत होता. बाजेवर डबा उघडाच होता. कमळाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही, बायनाबाईंनी एकदाच बघितलं आणि मान वळवली. मीच बघत राहिले. धनराजरावांनी डबा बंद केला. त्या क्षणी मला त्यांची एवढी किळस आली, की एकटीनं एसटीनं घरी जायचं मी ठरवूनही टाकलं.

मग त्यांनी डबा परत उघडला. एक अळी उचलली, फडक्याशिवाय, उघड्या बोटांनी. "हा न्या. आख्खा ठेवा तोंडात. मंग झालं का... वापस..."

"जिभीवर ठेवलेलं कोनी वापस घेते का, भाऊ?" कमळाबाई रागानं बोलल्या नाहीत, त्यामुळं ते जास्तच लागलं.

धनराजराव कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी अळी उलटी केली, डोळ्यांजवळ नेली. "याचं नाव टॉलर," ते म्हणाले. "समुद्रात पडला होता. वाचला." आणि कमळाबाईंच्या हातातली कात्री घेतली.

ज्या वस्तूवर मला धूळसुद्धा झटकू दिली नव्हती, तिच्या शेपटीशी त्यांनी कात्री लावली. पहिल्यांदा कात्री घसरलीच. दुसऱ्यांदा कट् झालं आणि कण उडून सारवलेल्या जमिनीवर कुठंतरी पडला. आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून अंगण चाचपू लागलो. तिकडं माणूस जात होता आणि इकडं सापडेना. शेवटी बायनाबाईंच्या बोटाला तो चिकटला. त्या बोट तसंच वर धरून धावत सुटल्या आणि आम्ही त्यांच्या मागे.

चैतू जमिनीवर घोंगडीवर होता. तोंड उघडं, छाती वरखाली. बायनाबाईंनी तुळशीचं पान जिभेवर ठेवलं, त्यावर बोट टेकवलं, पाण्याचा थेंब सोडला. कमळाबाई त्याच्या कानाशी वाकल्या. "टालर हाये तुह्यासंगं. भेऊ नको."

धनराजरावांनी हात जोडले. चैतू आणखी थोडा वेळ श्वास घेत राहिला, मग थांबला. बायनाबाईंनी त्याचं तोंड हातानं मिटवलं आणि तेव्हा कुठं त्या रडल्या.

आम्ही बाहेर आलो. यांनी शेपूट तुटलेली अळी कमळाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. कोशात, आपल्या दाण्याशेजारी ठेवली आणि वर कापलेलं टोपण बसवलं.

मी गाडीचं दार उघडलं. धनराजराव मात्र आले नाहीत. चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत, लहान मुलानं शाळेत काही मागावं तसे उभे होते.

"बाई, गावाबाहेरच्या मानसाले देता का तुमी?"

"कोनाले पायजे?"

"मले."

इतकी वर्षं एका घरात काढली, या माणसाला मरणाची भीती वाटते हे मला कधी कळलंच नव्हतं. मी या अळ्यांना नुसता छंद समजत होते.

कमळाबाईंनी यांच्याकडे नीट बघितलं. चैतूच्या घरात आता आणखी बायका जमल्या होत्या, रडण्याचा आवाज वाढला होता.

"देईन ना," त्या म्हणाल्या. "पन श्वास हाये तवा या. मंग आनून काई उपेग नाई."

यांनी मान हलवली, जणू पत्ता समजावून घेत होते. मी जाऊन भर गावात त्यांचा हात धरला. आमच्यात तशी पद्धत नाही.