पत्रिकेचं पॅकिंग

तीन वर्षं नीरजाची गाडी त्याच चढावर अडत होती आणि तीन वर्षं लोक ती ढकलून वर नेत होते.

दिघीपलीकडच्या माळावर दर डिसेंबरात चिखलातली शर्यत व्हायची. टँकरने पाणी ओतून चिखल केलेला, त्यात एक आखूड वळण आणि वळणाला लागून उभा चढ. तिथे वेग घ्यायला जागाच नाही. इंजिन सावकाश फिरत असतानाच त्यातून जोर निघाला पाहिजे. नीरजाची जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक सुसाट सुटली की वाघीण आणि वळणातून हळू निघाली की शेळी. मुलांच्या गाड्या अडल्या की काठावरचं टोळकं शिट्ट्या मारायचं. हिची अडली की मात्र त्याच टोळक्याला मायेचा पूर यायचा आणि सगळे "ताईंना हात द्या रे" करत धावायचे. नीरजाला शिट्ट्या परवडल्या असत्या. नंबर शेवटून पहिला आला तरी चालेल, पण यंदा गाडीला कुणाचा हात लागता कामा नये, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

ढकलणाऱ्यांत तिचे बाबाही असत. बाबा, म्हणजे यज्ञेश्वर, हे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. शर्यतीच्या दिवसासाठी त्यांनी एक विटका खाकी शर्ट खास राखून ठेवला होता. सकाळी तो त्यांच्या अंगात दिसला की नीरजाला वाटायचं, लागला निकाल.

सॉफ्टवेअर कंपनीतल्या पगाराचा बराचसा भाग ती गाडीच्या घशात घालत होती. मागचं दातेरी चक्र मोठं केलं, कार्बोरेटर बदलला, सायलेन्सर तर दोनदा बदलला. चढ काही सुटेना.

"आता आरसा बदलून बघ," बाबा म्हणाले.

शेवटी शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळीच ती बाबांना घेऊन विश्रांतवाडीला महिपतीच्या गॅरेजमध्ये गेली. महिपती बुलढाण्याकडचा. कारखान्यात नोकरीला म्हणून आला, कारखाना बंद पडला आणि हा पान्हे घेऊन रस्त्याकडेला बसला. त्याने इंजिन खोललं, ब्लॉक उचलला आणि त्याच्या खाली सांध्यात बसवलेलं कागदाचं पॅकिंग चिमटीत धरून उजेडात नेलं. एका बाजूला सोनेरी गणपतीची सोंड दिसत होती.

"ताई, हे काऊन लावलं इथं?"

"तीन वर्षांपूर्वी मूळचं पॅकिंग फाटलं. बाजारात मिळेना, म्हणून आम्ही घरीच कापलं. लग्नपत्रिकेचं."

"पत्रिका हाये का पाट हाये?" महिपती म्हणाला. "एवढ्या जाडीनं ब्लॉक वर उचलला गेला न ताई. धूर बाहेर जायची खिडकी वेळेच्या आधीच उघडते. मंग सगळा जोर वरच्या वेगात जाते, खाली गाडी पोकळ राह्यते."

नीरजाने बाबांकडे पाहिलं. पत्रिका त्यांनीच दिली होती, त्यांच्या भाच्याच्या लग्नाची. भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला तसं त्याचं सगळंच जाड झालं होतं, पत्रिकेसकट. पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी कुठलीही वस्तू बाबा टाकत नसत आणि इतका दणकट कागद वाया जाऊ देणं तर त्यांना पापच वाटलं असतं.

"म्हणजे तीन वर्षं मी स्वतःचीच चूक ढकलत होतो," बाबा म्हणाले. आयुष्यभर पोरांच्या चुका लाल शाईने खोडत आलेला माणूस, पण हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. मग उन्हासाठी आणलेली छत्री उचलून ते बसथांब्याकडे निघून गेले.

दोन तासांनी ते बुधवार पेठेतल्या घरून परतले, ते एक पिवळट कागद घेऊन. त्यांची स्वतःची लग्नपत्रिका होती, चौऱ्याहत्तर सालची, पोस्टकार्डाइतकी पातळ.

"बाबा, ही कशाला? आई काय म्हणेल?"

"म्हणाली, अठ्ठावीस वर्षांनी का होईना, त्या लग्नाचा कुणाला तरी उपयोग होतोय."

महिपती हसत सुटला. त्याने कागद ब्लॉकच्या तळाला लावला, कडांवर हातोडीने हलके ठोकत नेमका आकार उमटवला आणि पॅकिंग कापून बसवलं. पिस्टन वर आपटत नाही ना, हे सोल्डरची मऊ तार आत घालून, ती किती चेपते ते पाहून दोनदा तपासलं. किक मारली तशी गाडी खालच्या सुरात ठणठणीत बोलू लागली. नीरजाला तिथेच नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खोलीतून बाहेर आले ते पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या शर्टात. निरोपसमारंभाला शिवलेला तो शर्ट.

"बाबा, चिखल आहे तिथे."

"मी बघायला येतोय. बघणाऱ्याने माणसासारखं जायला काय हरकत आहे?"

माळावर वळण आलं. नीरजाने वेग उतरवला, गाडी चढाला लागली. टोळकं सवयीने पुढे सरकलं, तेव्हा बाबांनी दोन्ही हात आडवे पसरले. "हात खिशात ठेवा," ते वर्गात बोलावं तसं म्हणाले. गाडी थरथरली, मागचं चाक क्षणभर जागीच फिरलं, मग त्याने माती धरली आणि ती ठक ठक करत, घाई न करता वर चढत गेली. माथ्यावर पोचल्यावर नीरजा हेल्मेटच्या आत मोठ्याने हसली. तिला वाटलं, आता पहिला-दुसरा नंबर कुणीही घेऊन जावा.

चौदा जणांत तिचा अकरावा नंबर आला. ती खाली आली तेव्हा बाबा तिथेच उभे होते. मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाने ते गळ्यापासून गुडघ्यापर्यंत माखले होते आणि पुसायचं काही मनावर घेत नव्हते.

"शर्ट गेला की हो बाबा. तो खाकी घालायचा होता."

"तो कालच महिपतीला दिला," बाबा म्हणाले. "त्याला फडकी लागतात."