डाव्या तोंडाची कणीक

मूठभर गं कणीक, न्हाई घातली तव्यावर,
थापिते मी गालावर, पखवाजाच्या.

हा आवाज छबूबाईचा. फार वर्षांपूर्वी ऐकलेला, पण माझ्या पोटात अजून घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना पखवाज आहे. पेडगावच्या देवळात खुंटीला टांगलेला असतो. खैराचं अखंड खोड पोखरून कारागिरानं मला घडवलं, दोन्ही तोंडांवर कातडं ताणलं. उजव्या तोंडाला काळी शाई कायमची लावलेली. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी ओली, ताजी कणीक थापावी लागते. तेव्हा कुठं विहिरीच्या तळातून यावा तसा माझा आवाज निघतो. आणि ती कणीक गव्हाचीच हवी. गव्हाला चिकटपणा असतो, ती धरून बसते.

वैजीनाथ माझा धनी. जवारीचं थोडं रान आणि देवळातलं भजन, एवढाच त्याचा संसार. छबूबाई त्याची बायको. घरात रोज भाकर, पण माझ्यासाठी गव्हाचं पीठ ती गाडग्यात जपून ठेवी. कणीक मळताना ओवी गाई, आणि मला वाटे, मीही तिचंच एक लेकरू आहे. खरं लेकरू सुग्रीव. बापानं त्याला माझ्यावर बसवलं तेव्हा त्याचे हात मला पुरतही नव्हते. वाढता वाढता ते असे झाले, की बोट टेकवण्याआधीच मी बोलू लागे.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी गावचे पाटील आबासाहेब यांनी गावात संगीताचा उत्सव सुरू केला. दर माघात मांडव पडे. गवई येत, नाटकांतली पदं रंगत. पण पहिली बैठक कोवळ्या पोरापोरींची. त्यांच्यातलं एकजण निवडून वर्षभर हैदराबादेला शिकायला धाडायचं, हा आबासाहेबांचा नेम.

सत्तावन्न साली सुग्रीव त्या बैठकीत बसणार होता. निवड करायला हैदराबादेहून बन्सीधरबुवा आले. वैजीनाथानं हौसेनं त्यांना दुपारी जेवायला बोलावलं.

"पोळ्या कर," तो चुलीपाशी येऊन म्हणाला.

"अवं, पीठ लय थोडं हाय. ते..."

"हैदराबादच्या पाव्हण्याला भाकर वाढतीस का? अब्रू हाय का न्हाई आपल्याला?"

तेवढ्यात बुवा ओसरीवर आले. छबूबाईचं वाक्य तोंडातच राहिलं.

बुवा हसून म्हणाले, "वैनी, अजून एक वाढा. असली पोळी खाल्ली की पखवाजसुद्धा नाचंल!"

छबूबाईनं वाढली. गाडगं रिकामं झालं. शेजारणी मांडवात गेलेल्या. मागणार कुणाला? तळाला राहिलेल्या चिमूटभर पिठात तिनं जवारीचं पीठ मिसळलं आणि मळलं. त्या दिवशी ओवी नव्हती.

सुग्रीवनं गोळा हातात घेतला. बोटांनी दाबला. आईकडं पाहिलं. ती खाली बघत होती. त्यानं तो माझ्या गालावर थापला.

बैठक सुरू झाली. पोरगं असं वाजवत होतं, की आबासाहेबांनी डोळे मिटले. मला मात्र कळत होतं, डावीकडं काहीतरी सुकतंय, तडकतंय. ऐन रंगात कणकेचा पोपडा सुटला आणि सुग्रीवच्या मांडीवर पडला. माझा खोल आवाज गेला. रिकाम्या डब्यासारखा मी वाजू लागलो.

बुवांनी मान हलवली. "उजवा हात गोड हाय. पण कणीक बसवता येत न्हाई, म्हणजे डावा कच्चा." चुडावा गावच्या पंडित नावाच्या पोराची निवड झाली.

वैजीनाथ सगळ्यांदेखत गरजला, "काय केलंस रं?"

"हात चुकला, दादा," सुग्रीव बापाला म्हणाला.

"मंग त्या हातानं दगड फोड जा!"

पोरानं बापाचा शब्द पाळला. येलदरीला धरणाचं काम निघालं, तसा तो तिकडं गेला. मी खुंटीवर चढलो. ओठ असते तर सांगितलं असतं.

साठ सालच्या उत्सवाला सुग्रीव घरी आला. येताना गव्हाचं गाठोडं आणलं, आईपुढं ठेवलं. छबूबाईनं कणीक मळली, मांडवात आणली. ती माझ्या गालावर बसली; बाईच्या हातची अशी कणीक त्यानंतर मला पुन्हा कधी लागली नाही. आबासाहेब म्हणाले, "सुग्रीवा, एक ठेका धर."

त्यानं हात ठेवला आणि मी दचकलो. तळव्याला खडीसारखे घट्टे. बोटं अर्धी वळलेली, उघडेनात. तो दोनदा वाजवायला गेला. मग हात मागं घेऊन धोतरात लपवला.

मित्रांनो, वाजवून झालं की आमच्या तोंडावरची कणीक लगेच काढत जा. राहिली तर ती वाळते आणि खालचं कातडं घेऊनच निघते. मनात दाबलेल्या गोष्टीचंही तसंच असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

कारण वैजीनाथ म्हणाला, "म्या तवाच म्हणलं व्हतं, ह्याच्या हातात डावा न्हाईच."

बायकांच्या घोळक्यातून छबूबाई पुढं आली. डोईवरचा पदर घसरला होता, तिनं सावरला नाही. पिठानं भरलेले दोन्ही हात तिनं नवऱ्यापुढं धरले.

"त्याचा हात न्हाई चुकला, अवं. गहू पोळ्यांत सरला व्हता. कणकीत म्या जवारी घातली. त्यानं वळखलं, आन् माझ्यासाठी गप ऱ्हायला. कणीक माझी व्हती."