काचघरातलं पीठ

महाशिवरात्र तोंडावर आली होती. मार्कंड्याच्या जत्रेत यंदा मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या बायांच्या गटाला पहिल्यांदाच स्वतःचा स्टॉल मिळणार होता, म्हणून प्रेमिला सकाळीच शिंगाड्याच्या पिठाच्या गोण्या उघडून पाकिटं भरायला बसली. पहिली गोणी चांगली निघाली. दुसरीत हात घातला तर पीठ बोटांना किंचित चिकटलं. तिने मूठ नाकाशी नेली. ओल्या पोत्यासारखा वास आला. चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि घशाशी कडवट लागलं.

याच दळणातली पाकिटं मागच्या आठवड्यात आलापल्लीच्या पुढे, मुलींच्या एका वसतिगृहात गेली होती. आणि आज सोमवार होता, उपासाचा दिवस.

गावच्या तलावात शिंगाडा लावायचा हा मोहल्ल्याचा जुना धंदा. पुरुष डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, शिंगाडा तोडून आणायचे. बाया तो उकडायच्या, सोलायच्या आणि तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उन्हात वाळवायच्या. त्यात धूळ बसायची, कोंबड्या नाचायच्या आणि व्यापारी नाक मुरडायचा. गेल्या वर्षी अशा जुन्या धंद्यांत नवं काही करू पाहणाऱ्यांसाठी जिल्ह्याने एक योजना आणली. प्रेमिलाने गटाला तयार केलं, तालुक्याला खेटे घातले, आणि पारीजवळ पारदर्शक पत्र्यांची एक खोली उभी राहिली. आत जाळीचे ट्रे, छतावर सोलर पॅनल, त्यावर चालणारे पंखे. कागदोपत्री तो सोलर ड्रायर होता. बाया त्याला काचघर म्हणायच्या.

जानेवारीत आभाळ भरून आलं तेव्हा पंखे मंदावले. वरच्या ट्रेमधले तुकडे कडक झाले, खालचे दाबले तर थोडे दबत होते. आणखी ऊन पडेपर्यंत थांबू, असं गटातली कलाबाई म्हणत होती. पण वसतिगृहाचं पीठ द्यायचं राहिलं होतं. "झालं, काढा," असं प्रेमिलाच म्हणाली होती.

तिने घरात जाऊन नवऱ्याला गोणी दाखवली. शालिकराम जाळं विणत बसला होता. त्याने वास घेतला आणि जाळं बाजूला ठेवलं.

"कोणाले सांगू नोको," तो हळूच म्हणाला. "गोणी फेकून देऊ. बोभाटा झाला तं थे काचघर उचलून नेतीन. मंग या बाया तुलेच धरतीन."

"पोरींनी खाल्लं तं?"

"एवढ्यानं काही होत नाई."

"तुमाले काय माहीत?"

शालिकरामने जाळं पुन्हा हातात घेतलं. त्यालाही माहीत नव्हतं.

प्रेमिला अंगणात आली. रंजीता मॅडमला काय सांगायचं ते तिने मनात तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं. योजनेचं काम पाहणारी ही पोरगी तिच्या मुलीच्या वयाची होती. वसतिगृहात पीठ पोचवायची कल्पना तिचीच. शेवटी प्रेमिलाने नंबर लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे रंजीताने वही उघडल्याचा आवाज आला.

"नक्की तेच दळण आहे का, प्रेमिलाताई?"

"तेच आहे, मॅडम."

"मी साधनाताईंना फोन लावते," रंजीता म्हणाली. साधनाताई म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षिका. थोड्या वेळाने रंजीताचा परत फोन आला. "लागत नाहीये. तिकडे रेंज नसते. मी प्रयत्न करत राहते. तुम्ही घाबरू नका."

घाबरू नका म्हणताना तीच घाबरलेली होती. प्रेमिलाने पायात चपला घातल्या.

रस्त्यावर कलाबाई शेण घेऊन येत होती. मोहल्ल्यात सगळ्यात आधीपासून शिंगाडा सोलणारी ती, आणि काचघराबद्दल पहिल्यापासून कुरकुरणारी. "काऊन व, अशी कुठी पळून राह्यली?" तिने विचारलं. प्रेमिलाला वाटलं, आता ही म्हणणार, मी सांगतलं होतं. तरी तिने सांगितलं. कलाबाईने टोपली कुंपणाशी ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "थांब. मी येतो तुह्यासंग."

चामोर्शीहून त्यांना आष्टीमार्गे आलापल्लीकडे जाणारी एसटी मिळाली. गाडी जागोजागी थांबत होती. एका फाट्यावर कंडक्टर चहाला उतरला तेव्हा प्रेमिलाला ओरडावंसं वाटलं. खिडकीबाहेर सागाचं जंगल लागलं, पानं गळून उघडं पडलेलं. तिला डोळ्यांसमोर ओळीने झोपलेल्या पोरी दिसत होत्या. तिने मान हलवून ते चित्र घालवायचा प्रयत्न केला. रंजीताला फोन करावा तर आता प्रेमिलाच्याच फोनला रेंज नव्हती.

"काही झालं असंल तं?" तिने विचारलं.

"तं तिथी दवाखाना आहे," कलाबाई म्हणाली. पण तिने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळून ठेवलं होतं.

वसतिगृहाच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा दुपार टळत आली होती. आवारात मुली कपडे वाळत घालत होत्या. एक जण हसली. मग साधनाताई बाहेर आल्या. त्यांनी ओळख ऐकली, कारण ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सकाळी उपासाच्या मुलींना त्याच पिठाची थालीपिठं दिली," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बऱ्या आहेत. एक मुलगी दोनदा उलटी करून झोपली आहे. मला वाटलं, उन्हामुळे असेल."

त्यांनी लगेच शिपायाला आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टर येईपर्यंत प्रेमिला त्या मुलीच्या खाटेजवळ खाली बसून राहिली. मुलीचं नाव दामिनी. बारा-तेरा वर्षांची असेल. ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. काही वेळाने तिने डोळे उघडले.

"तुमी कोण?"

"तू सकाळी खाल्लं ना, थे पीठ मी केलं," प्रेमिला म्हणाली. "थे खराब होतं, बाई."

दामिनीने तिच्याकडे पाहिलं. "कडू लागत होतं," ती म्हणाली. "पण भूक लागली होती."

प्रेमिला मुलीचे तळवे चोळत राहिली.

डॉक्टरांनी मुलीला तपासलं, सलाईन लावलं, बाकीच्या मुलींनाही बोलावून पाहिलं. पिठामुळेच झालं असेल असं त्यांना ठामपणे सांगता येईना, आणि पिठामुळे नसेल असंही. शेवटची गाडी निघून गेल्यामुळे साधनाताईंनी दोघींना तिथेच राहायला सांगितलं. सकाळी दामिनी उठून बसली आणि तिने भात खाल्ला. ते पाहिल्यावर कलाबाई भिंतीकडे तोंड करून रडली. उरलेली पाकिटं पोत्यात भरून दोघी परत आल्या आणि ती त्यांनी बिघडलेल्या गोणीसकट खड्ड्यात पुरली.

रंजीताने वरच्या अधिकाऱ्यांना सगळं कळवलं. आपण ते पीठ तपासून न घेताच पुढे पाठवलं, हेही तिने सांगितलं. जत्रेतला स्टॉल रद्द झाला. मोहल्ल्यात बायांनी प्रेमिलाशी बोलणं सोडलं. शालिकराम कधी "मी म्हटलं होतं" असं बोलला नाही, पण विहिरीवर कोणी विषय काढला की तो उठून जायचा. फक्त कलाबाई रोज येऊन बसायची.

पावसाळ्यात तीन अधिकारी आले. काचघर काढून न्यायला आलेत, असं समजून बाया पारीवर गोळा झाल्या. प्रेमिलाने कधी घाई केली, कोणते ट्रे ओले होते, सगळं सांगितलं. पंखे ढगाळ दिवसांतही चालावेत म्हणून बॅटरी द्यायचं ठरलं आणि प्रत्येक दळणाचा नमुना तपासल्याशिवाय पीठ विकायचं नाही, अशी अट आली. एक हंगाम पाहू, मग पुढचं ठरवू, असं म्हणून ते गेले.

कार्तिकात पहिला शिंगाडा निघाला. बाया पुन्हा कामावर आल्या, पण प्रेमिलाशी कामापुरतंच बोलत होत्या. प्रेमिलाने ट्रे आत सरकवले आणि खालच्या ट्रेमधला एक तुकडा दर थोड्या वेळाने काढून दाताखाली धरू लागली. दुपारी उत्तरेकडून ढग आले. पंखे नव्या बॅटरीवर फिरत होते. तरी तिने उरलेलं सोलणं थांबवलं.

"बाकीचा उकडून आठवडी बाजारात नेऊ," ती म्हणाली. "यात भरायचा नाई."

"भाव नाई भेटत व तिथी," एक जण म्हणाली.

"नाई भेटू दे."

एकेक करून बाया टोपल्या उचलू लागल्या. प्रेमिला मात्र काचघरासमोरच उभी राहिली, पंख्यांचा आवाज ऐकत.