कुंपणाबाहेर फेकलेली कण्हेर

नुसतं ‘किती गोड रंग!’ म्हणून पुढे जाऊ नका. मी कण्हेर बोलतेय, आणि दोन गोष्टी ऐकवल्याशिवाय सोडणार नाही.

लोह्याच्या रोपवाटिकेत ईश्वरप्पांनी वीतभर फांदी मातीत खोचली, ती मी. गिऱ्हाईक आलं की ते सांगायचे, “बिनघोर न्या. पाणी मागत न्हाई, शेळी तोंड लावत न्हाई.” शेळी तोंड का लावत नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. माणसं रोपाचा रंग विचारतात, स्वभाव नाही.

रेणापूरच्या निवृत्त शिक्षिका शिवकांताबाईंनी मला भिंतीलगत लावलं. नळाला आठ दिवसांनी पाणी. मोगरा गेला, गुलाब गेला. मी मात्र भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर फुलांनी लगडले. दर सोमवारी माझी फुलं महादेवाला. तोरा काय विचारता!

यंदा चैत्रात बाईंनी मला छाटलं आणि फांद्या भिंतीबाहेर फेकल्या. सगळेच फेकतात. आपल्या अंगणाबाहेर गेलं की ते आपलं उरत नाही, हा फार सोयीचा समज! माझं ओलं पान कडूजहर, म्हणून जनावर टाळतं. सुकलं की कडवटपणा कमी होतो. विष तेवढंच राहतं.

दोन दिवसांनी शेजारच्या नीलाबाई गाभण शेळी घेऊन आल्या. चाऱ्याची मारामार. त्या फांद्या गोळा करू लागल्या, तोवर शेळीनं तोंड घातलं.

“अवो नीलाबाई, सोडवा तिला! विष हाय ते!” शिवकांताबाई ओट्यावरून धावल्या.

“फेकलेल्या पाल्यापायी बी जीव तुटतो व्हय तुमचा? अन् विष हाय तर महादेवाला कसं चालतं?”

“महादेवाला विष पचतंय वो! तुमच्या शेळीला न्हाई!”

नीलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बोटं घालून शेळीच्या तोंडातला चोथा काढला. गुरांचे डॉक्टर आले, औषध दिलं. “उद्यापर्यंत भरवसा न्हाई,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकांताबाई कुदळ घेऊन माझ्यासमोर उभ्या. “माझीच चूक, पण ही नकोच आता.” तेवढ्यात भिंतीवरून नीलाबाई डोकावल्या.

“शेळी रवंथ करायलीय, बाई! अन् हे काय?”

“उपटते हिला.”

“ऱ्हाऊ द्या. हितं पाण्याबिगर दुसरं काय जगतंय? पर छाटली की हाक मारा. खड्डा मी खांदते, पुरून टाकू. जाळू बी नका, धूर वाईट असतोय म्हणले डॉक्टर.”

बाईंनी कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. मी वाचले.

तेव्हा लावा मला, खुशाल लावा. पण रोपवाटिकावाल्यांनो, माझ्या नावाच्या चिठ्ठीवर ‘विषारी’ एवढा एक शब्द लिहायला तुमची शाई संपते का? मी तर काहीच लपवलेलं नाही.

चला, फुलं हवीत ना? घ्या. घरी गेल्यावर हात तेवढे धुवा.